बिनकाट्याचा मासा

सासरे अंगातला कोट न काढताच टेबलाशी बसले, तेव्हा वान-रूने ओळखलं की त्यांचा एक पाय अजून दारातच आहे. त्यांच्या धाकट्या भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिथे डुकराचं मटण शिजत होतं, आणि आपल्या घरचा मासा माशासारखा नसला तर आपण तिकडे जेवू, असं त्यांनी सकाळीच सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

सालअखेरच्या जेवणाला घरातलं एक माणूस जरी उठून गेलं, तरी त्या जेवणाची सगळी रया जाते. त्यातून वान-रूचा हा सासरी पहिलाच सण. ती जन्मापासून शाकाहारी. दूध नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. तरी यंदाचा सगळा स्वयंपाक तिच्याच गळ्यात पडला होता, तो सासूबाईंच्या नवसामुळे. ऑपरेशनच्या आधी त्यांनी ग्वानयिन देवीला हात जोडले होते: बरी झाले तर सालअखेरच्या ताटासाठी माझ्या घरी जीव मरणार नाही. त्या ठणठणीत बऱ्या झाल्या. आणि मासळीबाजारात उभा जन्म घालवलेल्या शुई-मूंच्या, म्हणजे सासऱ्यांच्या घरी माशाविना सण आला.

"माशाविना चालायचं नाही," शुई-मूंनी बजावलं होतं. "मासा म्हणजे यू, आणि शिल्लक राहणं म्हणजेही यू. ताटात यू नसला तर वर्षभर घरात उरणार काय? मुळ्याचा पाला?"

म्हणून वान-रूने मासा केला होता. टोफू मळून, त्यात उकडलेलं कोनफळ घालून, ते सोयादुधाच्या सायीत गुंडाळलं. बाहेरून समुद्रशेवाळाचा काळा पापुद्रा कातडीसारखा बसवला, कात्रीच्या टोकाने खवले काढले, अख्खा तळला आणि आलं घातलेला आंबटगोड रस्सा वरून ओतला. डोळ्याच्या जागी लावलेला मटार तळताना निसटला, तर तिने दुसरा लावला. एवढा जीव तिने स्वतःच्या लग्नातल्या साडेतीन तासांच्या केशरचनेतही ओतला नव्हता.

ताट टेबलावर आलं. गाळ्यावरचं खट गिऱ्हाईक पाहतं तसं शुई-मूंनी वाकून पाहिलं.

"कल्ले कुठायत?"

"कल्ले राहिले, बाबा."

"म्हणजे बिचाऱ्याला जन्मभर श्वासच घेऊ दिला नाहीस."

वान-रूचा नवरा कुओ-हाव फस्सकन हसला. सासूबाईंनी मात्र नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने जेवायच्या काड्या उचलल्या.

त्यांनी एक घास घेतला. मग त्यांनी दुसरा घास घेतला आणि त्यांच्या वडिलांच्या होडीच्या गोष्टी निघाल्या. त्या घरच्यांना ताटातला मासा कधी उलटा करायचा नसतो. मासा उलटला की होडी उलटते. वरची बाजू खायची, मधला काटा लागला की थांबायचं, आणि खालची बाजू झाकून नव्या वर्षासाठी ठेवायची. हे सांगता सांगता त्यांच्या काड्या ताटात जात होत्या आणि येत होत्या. कुओ-हाव अळंबीच्या देठांपासून केलेल्या खोट्या कोंबडीवर तुटून पडला होता. सासूबाई सोयादुधाची खीर वाढत होत्या. माशाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

काड्या चिनीमातीवर खट्कन वाजल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं.

ताटात नुसता रस्सा होता. शुई-मूंनी तो काड्यांनी इकडेतिकडे केला, जणू मासा त्यात दडून बसला असेल.

सालअखेरच्या रात्री घरातला यू संपला होता, एक तुकडाही उरला नव्हता, आणि तो वान-रूने रांधला होता. पुढे वर्षभर घरात काही कमी पडलं तर बोट कोणाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"अहो, सगळा संपवलात?" सासूबाईंचा आवाज चिरका झाला.

"काटाच लागला नाही," शुई-मू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच वजनात मारताना पकडले गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "काटा नाही लागला तर माणसाने थांबायचं कुठे?"

आधी सासूबाईच हसल्या. टाक्यांच्या जागी हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग कुओ-हाव. मग वान-रूलाही राहवलं नाही, आणि किती दिवसांनी या घरात आपण मोकळं हसतोय, असं तिला वाटून गेलं. टोफूचं पीठ उरलंय, अजून एक होईल, असं म्हणून ती उठली.

शुई-मूंनी कोट खुर्चीवर टाकला आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. तिने घडवायला घेतलेल्या नव्या माशाचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने दोन्ही बाजूंना झकास कल्ले काढले. वान-रूने बांबूच्या कोवळ्या कोंबाची लांब पट्टी कापली आणि माशाच्या बरोबर मधोमध आडवी ठेवली.

"हा काटा, बाबा. हा लागला की थांबायचं."

शुई-मूंनी मान डोलावली. थोडा वेळ माशाकडे पाहिलं. मग ती पट्टी अलगद उचलली आणि पिठाच्या अगदी तळाशी, शेवाळाच्या पापुद्र्याला टेकेल अशी दाबून बसवली.

"या जातीचा काटा पार खाली असतो, सूनबाई."