पावलांचा कागद

टक्, टक्. जरा थांबून पुन्हा टक्.

दुपारच्या वेळी घर गप्प होतं. मागच्या पडवीत पाटावर टाच वाजली आणि सुकट निवडणाऱ्या रतनचा हात थांबला. तिसऱ्या ठोक्याला टाच अडखळली. "च्!" शिवदास स्वतःवरच चिडला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

चार वर्षांनी तो घरी आला, त्याला आज आठ दिवस झाले होते. आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायला गेलेला माणूस. न्यूयॉर्कला तापानं पडला, बोट त्याला टाकून निघून गेली, आणि तो तिथंच एका हॉटेलात बशा धूत राहिला. थळच्या बंदराला उतरला तेव्हा पोटच्या राहीनं त्याला ओळखलं नाही. तो गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. रतननं ओळखलं; पण हा टाच वाजवणारा शिवदास तिच्या ओळखीचा नव्हता.

कुडापलीकडून शेजारच्या नीराबाईनं मान वर काढली. "रतन, पुन्ना सुरू झाली गो तुमच्याकडं ठकठक?"

"पाट डुगडुगतो. तो ठोकतायत."

"चार वर्सांनी आलेल्या मान्साचं तोंड बगू नये बाय. पाय बगावं. तोंड खोटं बोलतं."

नीराबाई हसून गेली. रतनला हसू आलं नाही. सकाळीच तिनं शिवदासची पेटी उन्हात उघडली होती आणि तळाला तिला एक घडी घातलेला कागद सापडला होता. कागदावर पावलं छापलेली. काळी, रुंद पावलं पुरुषाची. आणि त्यांच्या समोरासमोर बारीक, टोकदार, पोकळ पावलं बाईची.

जेवताना तिनं तो कागद ताटाशेजारी ठेवला.

"ही कुनाची पावलं?"

शिवदास लाजला. "नाचाच्या वर्गातला कागद हाय तो. स्विंग म्हंतात त्या नाचाला."

"तुमी नि नाच?"

"काय करू? थंडी अशी, का बादलीतलं पानी दगड व्हायचं. सांज झाली का खोलीतला एकेक गडी भिंतीकडं तोंड करून रडायचा. म्हटलं, कायतरी शिकू. नवशिक्यांनी यावं अशी पाटी बगून दोन ठिकानी गेलो. रंग बगून दार लावलं. तिसरा म्हनाला, जोडीदारीन घेऊन ये. शेवटी काळ्या लोकांच्या आळीत, किरिस्तावांच्या देवळाच्या तळघरात एक वर्ग गावला. कपडे धुनारी जाडी बाई शिकवायची. म्हनायची, ज्याला कायच येत न्हाय त्यानंच या. मी नि माज्या खोलीतला चंदर दोगंबी जायचो."

"नि नाचायचात कुनासंगं?"

"खुर्चीसंगं."

"खुर्चीला पाय चार असतात. हितं दोन हायत. नि हा नाच एकट्याचा न्हाय."

"तुला काय ठावं?"

"डोळं हायत मला."

शिवदासनं भाताचा घास उगीच मळला. "बरं, खरं सांगतो. हसू नको. चंदरसंगं. आळीपाळीनं बाई व्हायचो आमी. त्याचं पाऊल हलकं, माझं हे असं वल्ह्यासारखं." मग त्याला आठवलं. "राहीचा झगा त्याच्याच हाती धाडला हुता ना मी गेल्या साली? बसला का तो जरा?"

"उभ्या उभ्या आला. च्या घेतला नि गेला." रतननं त्याला आमटी वाढली.

तिचा विश्वास बसला नाही. म्हणे चंदरसंगं! माणूस एकदा खोटं बोलायला लागला की किती सहज बोलतो, हे तिला माहीत होतं. समोरच्याच्या डोळ्यात बघून, हातातलं काम न थांबवता बोलतो. दोन दिवस तिनं त्याचे सदरे हुंगले, खिसे उलटे केले. तिला एवढंच कळायला हवं होतं, की आला तो माणूस आपला राहिलाय की नाही.

तिसऱ्या दुपारी शिवदास पडवीतून आत आला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

"ऊठ. शिकवतो तुला. मंग तरी हे तोंड सरळ व्हईल."

"लोकं हसतील."

"हसू दे. राही, टाळ्या वाजव."

उंबऱ्यावर बसलेली राही झग्याचं टोक चघळत टाळ्या वाजवायला लागली. शिवदासनं रतनचा उजवा हात मागितला. त्या हातात बांगड्या नव्हत्या. लग्नात त्या दर्याला दिल्या होत्या, नवऱ्याची राखण कर म्हणून. त्यानं दाखवायच्या आधीच तो रिकामा हात बरोब्बर उंचीवर आला.

"वा गो! पयल्याच खेपेला?"

रतननं पुढचं पाऊल चुकीचं टाकलं. तो हसला. तो आल्यापासून पहिल्यांदा तिला ते जुनं, दात दिसणारं हसू दिसलं.

एक, दोन, मागं. त्याच्या तळव्याला घाम सुटला होता. हात असा धरलेला, की जोरात धरला तर मोडेल आणि सोडला तर पडेल. अगदी खुर्ची धरावी तसा. ह्या माणसानं चार वर्षांत कुठल्या बाईचा हात धरला नव्हता. तळव्यालाच ते कळत होतं, पेटी उघडायची गरजच नव्हती. रतनचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? आता फिरायचं. हां, अशी!" त्यानं हात उचलून तिला उजवीकडून गर्रकन फिरवलं. पाऊल चुकलं, दोघं एकमेकांवर आपटली, तो खो खो हसत सुटला.

राहीच्या टाळ्या थांबल्या.

"आये, चंदरकाका तर तुला रोज दुसरीकडनं फिरवायचा. मंग चुकतंय कोन? बा का तो?"