बकुळीची जागा

बाबा जाऊन आठवडा झाला. पुण्यानुमोदनाला अंगणात कॉलनीचा अध्यक्ष माइकवर म्हणाला, "शामरावजी बड़े प्रकृतिप्रेमी थे." माझ्या मुठी वळल्या. बाबा रेल्वेच्या पासवर आम्हाला दरवर्षी नवा मुलूख दाखवायचे आणि परतताना जेवणाच्या रिकाम्या डब्यात तिथलं एखादं बी आणायचे. आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्या वर्षी गोव्याहून आणलेलं बकुळीचं बी फाटकाबाहेर घराएवढं वाढलं. मागच्या महिन्यात बाबा दवाखान्यात असताना याच माणसानं ती बकुळ पार्किंगसाठी तोडली. घरी आल्यावर बाबांनी तिकडची खिडकी उघडू दिली नाही. भाषण आटोपून त्यानं आईला कुंडीतलं रोप दिलं, फोटोसाठी दात काढले. आई रोप घेऊन तडक बाहेर गेली. बकुळीच्या जागी त्याचीच गाडी उभी होती. तिनं पदर खोचला, बाबांची कुदळ उचलली. "गाडी हटवा, भैया. रोप मले इथंच लावायचं हाये."