चित्र का हलतंय?

आमचा कॅमेरा उष्णता बघतो. त्याला थंड ठेवावं लागत नाही. थंड ठेवावं लागतं ते आमच्या सरांना. कॅमेऱ्याच्या आत केसाहून बारीक पट्ट्या आहेत. ऊब लागली की त्या वाकतात, त्यांच्यावर पाडलेला प्रकाश सरकतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. पण पट्ट्या इतक्या नाजूक, की शेजारची हवा हलली तरी चित्र थरथरतं.

"चित्र का हलतंय?" सर कॅमेऱ्यावर वाकून गरजायचे. "सोमवारी तपासणीला माणसं येतायत. प्रयोगशाळेला टाळं लावायचंय का?"

आम्ही टेबलाखाली रबर घातलं, पंखे बंद केले, चपला बाहेर काढून मांजरपावलांनी वावरलो. घामाने निथळलो, पण सर आले की चित्राला कापरं भरायचं ते भरायचंच. मग सरांचा आवाज आणखी चढायचा.

सोमवारी सरांचा घसा पार बसला. तपासणीच्या वेळी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आणि चित्र? भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखं स्थिर!

माणसं खूश होऊन गेली. सर आम्हाला जवळ बोलावून कसेबसे कुजबुजले,



"बघितलंत? आरडाओरडा केल्याशिवाय तुमच्याकडून काम होतच नाही!"