सरकत्या फळ्यांची पेटी

"फळी परत सरकवली का तुमी?" महानंदानं विचारलं. टिचबटणांच्या खणात हात घातला तर बोटांना बारीक मणी लागले होते.

"सरकवली," आप्पा म्हणाले. "मणी लई आलेत. जागा लागती."

"मग सांगायचं तरी."

"सांगितलं तर शोधशील कशाला?"

लोहाऱ्याच्या बाजारात शरणबसप्पांचं, म्हणजे तिच्या आप्पांचं, सुई-दोऱ्याचं दुकान होतं. पेटी बंडप्पा सुतारानं आप्पांनी सांगितली तशी करून दिली होती. आत दोन्ही अंगांना जवळजवळ खाचा, आणि त्या खाचांत उभ्या बसणाऱ्या पातळ फळ्या. फळी उपसली की दोन खणांचा एक व्हायचा. पुढच्या खाचेत घातली की एक खण रुंदावायचा, शेजारचा आवळायचा. रिळं, हूक, गुंड्या, मणी. माल येईल तशी पेटी बदलायची.

दिवेलागणीला, कंदील लावायच्या आधी, आप्पा महानंदाला पेटीपुढं बसवत आणि डोळे मिटून एकेक वस्तू काढायला लावत. चुकली तरी रागवत नसत. "पुन्हा," एवढंच म्हणत. स्वतः पेटीत हात घालत तेव्हाही त्यांचं लक्ष पेटीकडं नसायचंच, बहुतेक तिच्याकडं असायचं.

तिनं त्याचा अर्थ केव्हाच लावला होता. आप्पांच्या बहिणीची, गंगूआत्याची, नजर तिशीच्या आत गेली होती. तेच दुखणं आता उतारवयात आप्पांकडं आलं होतं. ते तोंडानं काही सांगत नव्हते. पण उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला त्यांनी चुन्याचा पांढरा पट्टा ओढला होता, न्हाणीच्या वाटेवर दोरी बांधली होती. उद्या त्यांचे हात अडले तर तिचे हात पेटीत चालावेत, म्हणून हा सगळा सराव. ती एकदा म्हणालीही होती, "तुमाला दिसंना झालंय का, आप्पा?"

"वय झालं, माय," ते म्हणाले होते.

एकच गोष्ट तिला उमगत नव्हती. नजर अधू होत चाललेल्या माणसानं फळ्या जिथल्या तिथं ठेवाव्यात. आप्पा तर घडी बसली की हलवायचे. आपल्याला अजून दिसतंय, हे स्वतःलाच पटवायचा हा हट्ट असावा, असं ती धरून चालली होती.

त्या दिवशी शेजारच्या मथुराबाई नाडी घ्यायला आल्या.

"काय गं, काल तिन्हीसांजंला मला खेटून गेलीस की. मॅट्रिक झाली म्हणून वळख बी द्यायची न्हाई व्हय?"

"ध्यानात न्हाई आलं, काकू."

"येईल कसं? ध्यान धाराशिवला गेलंय हिचं."

नाडी मोजणारा आप्पांचा हात थांबला. "ध्यान कुठं का असंना," ते म्हणाले, "पोरगी हितंच हाय."

मथुराबाई हसल्या. महानंदा हसली नाही.

धाराशिवला मास्तरणीचं ट्रेनिंग होतं. तिला जागा मिळेल असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. महिनाअखेर मुदत संपत होती. विषय काढला की आप्पा म्हणत, "पेटी हाताला बसू दे, मग बघू." पेटी हाताला बसून किती दिवस झाले होते. आपल्या डोळ्यांपायी बाप पोरीला दावणीला बांधतोय, असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली तरी विचार गेला नाही.

तशाच तिरमिरीत ती आत निघाली आणि नडगी बाकड्यावर आपटली.

"कुणी ठेवलंय हे मधी?"

आप्पा उठले. त्यांनी बाकडं भिंतीला सारलं.

नडगी चोळत ती म्हणाली, "सोलापूरला डोळ्याचा डॉक्टर हाय. चला माझ्यासंगं. मोतीबिंदू असंल तर काढतील. काढला की मला जाऊ द्या."

ते नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. आप्पांनी पेटीवर हात ठेवला.

"अजून थोडं थांबावं म्हनत हुतो," ते म्हणाले. "पर चल."

एसटीत त्यांनी तिला खिडकीशी बसवलं. नळदुर्ग आलं तसं तिच्या कोपराला हात लावला. "किल्ला बघ."

"लई येळा बघितलाय, आप्पा."

"बघ तरी."

डॉक्टरांनी खोली अंधारी केली. आप्पांच्या एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात प्रकाश टाकला. महानंदा भिंतीला टेकून उभी होती. मोतीबिंदूच निघू दे, ती मनात म्हणत होती, काढता येईल असं काहीतरी निघू दे.

डॉक्टरांनी दिवा बाजूला घेतला. "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मागच्या खेपेलाही मी हेच सांगितलं होतं."

मागच्या खेपेला? तिनं आप्पांकडं पाहिलं. म्हणजे यांना सगळं दिसत होतं. चांगलं दिसत असताना यांनी आपल्याला त्या पेटीपुढं बसवून ठेवलं होतं.

"मग मी जाते धाराशिवला," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

आप्पा खुर्चीतून उठले. रिकामी खुर्ची त्यांनी तिच्याकडं वळवली आणि तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तुमी सांगितलं तसंच केलं, साहेब," ते डॉक्टरांना म्हणाले. "डोळं मिटून हिला आता सगळं सापडतंय. आता हिचं डोळं बघा, आन् हिला सांगा."