तिसऱ्या भागातलं दार

खुर्ची मोडली, नट धाडकन आपटला, पण हातातला कप सरळच राहिला. पडल्यापडल्या त्याने चहाचा घोट घेतला आणि कॅमेरा सोडून भलतीकडेच, दाराकडे पाहिलं.

पडद्यावरचा तो नट पंचविशीतला होता. स्टुडिओत, दाराच्या चौकटीत उभा राहून पडदा बघणाराही तोच, पण साठी ओलांडलेला. काळात मागेपुढे उड्या मारणाऱ्या त्या विनोदी सिनेमाचा हा तिसरा आणि शेवटचा भाग. दाराकडे बघणं ही पहिल्या भागातली निव्वळ चूक होती. पण "हा बघतो तरी कुणाकडे?" असं विचारून प्रेक्षकांनी त्याला वर्षानुवर्षं भंडावून सोडलं होतं. आता लेखकाने उत्तर काढलं होतं: दारात म्हातारा झालेला तो स्वतःच उभा असतो आणि आपलीच फजिती बघून खदखदून हसतो.

खरं उत्तर एकट्या नटाला ठाऊक होतं. दारात त्याचे वडील होते. शिंपीकाम करणारा करारी माणूस. "लोकांना हसवायला निघालास आणि घराचं हसं केलंस," एवढं बोलून त्यांनी अबोला धरला होता. त्या दिवशी ते न सांगता शूटिंगला आले. हा उठून कपडे झटकेपर्यंत दार रिकामं. पुढे अबोला सुटला, पण त्या दिवसाबद्दल त्यांनी मरेपर्यंत अवाक्षर काढलं नाही. त्यांना आपली लाजच वाटली, असं नटाने मनाशी धरलं. ते शल्य त्याला आजही सलत होतं.

आणि आता त्याच दारात उभं राहून हसायचं होतं. जगाला हसवणाऱ्या माणसाला हसूच फुटेना. दिग्दर्शकाने जुना प्रसंग पुन्हा लावला. आजच्या आधी या जागेवरून नटाने तो कधी पाहिलाच नव्हता. तंगड्या वर आणि कप सरळ! तो असा हसला, की शेवटी उचकी लागली.

दुसऱ्या दिवशी संकलन करणाऱ्या मुलीने त्याला जोडलेला प्रसंग दाखवला. खुर्ची मोडली, घोट घेतला, दाराकडे नजर गेली, आणि मागोमाग ते हसणं, उचकीसकट.

"छान पकडलंस गं माझं हसणं," नट म्हणाला.

"काका, तुमचं अजून जोडलंच नाही मी." ती गोंधळली. "हे पहिल्या भागाच्या मूळ आवाजात आहे. सेटवरच्या कालयंत्राच्या पंख्याची घरघर आज काढून टाकली, तर खाली हे निघालं. दाराजवळच्या माइकवर. शॉट चालू असताना हसायची युनिटमधल्या कुणाची बिशाद नसते. मग कोण हो हे?"

नटाच्या अंगावर सर्रकन काटा आला. लहानपणी वडील खोलीत आले की उठायचा, तसा तो खुर्चीतून उठून उभा राहिला.