डावीकडचा सूर

उपवासकाळात भोकरदनजवळच्या त्या लहानशा चर्चमधली पायपेटी बंद असते. चाळीस दिवस मुलं पेटीविना गातात आणि गीत संपेपर्यंत सूर हमखास खाली घसरतो. शुभ शुक्रवारी मंडळीसमोर तसं होऊ नये, म्हणून सुमंतसर दरवर्षी मुलांना एकच गोष्ट शिकवत. आपल्या डावीकडच्याचा सूर धरायचा.

यंदा सूर घसरेचना.

गीत संपलं की सर पेटीचं झाकण उचलून पट्टी दाबून पाहत. चार वेळा पाहिलं. तसूभरही फरक नाही. आनंद व्हायचा सोडून त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना.

"योहान, तू कुणाचा सूर धरतोस?"

"रूथचा. भोंग्यासारखा आवाज हाय तिचा, सर!"

"आणि रूथ, तू?"

"एस्तेरचा."

एस्तेर डाव्या टोकाला बसली होती. तिच्या डावीकडे बाक रिकामा होता.

"मी हिचा," रिकाम्या जागेकडे बोट करत ती म्हणाली. "ही बिलकुल चुकत न्हाई, सर."

एकही मूल हसलं नाही.

सरांनी घाईने तिचा हात धरून तिला उठवलं आणि आपल्या उजवीकडे उभं केलं. "आता माझा सूर धर, बाळ."

एस्तेरने वाकून त्यांच्या पलीकडे पाहिलं. "मंग तुम्ही तिचा धरा, सर. ती पण आली ना."

सरांनी मान वळवली नाही. गीत सुरू व्हायचं होतं. त्यांच्या डाव्या कानापाशी कुणीतरी सावकाश श्वास भरून घेतला, अगदी सर शिकवत तसा.