जिन्याखालचं दार

लाल डाग रस्त्यावरूनच दिसला. रुपाली चाळीच्या तोंडाशीच थबकली. हातातली झेंडूची पिशवी एकदम जड झाली. दाराच्या तळाशी, ऐन उंबरठ्यावर, ताजा ओला लालभडक डाग. तोही दसऱ्याच्या सकाळी! आजचा दिवस नीट गेला असता तर ती जिंकली असती.

दार खरं नव्हतंच. काळाचौकीच्या त्या चाळीत जिन्याखाली एक भिंत होती आणि समोर पानाची गादी. एवढं सांगितल्यावर भिंतीचा रंग कोणता, हे सांगायची गरज नाही. येणारा-जाणारा तोंड तिथेच मोकळं करून पुढे जायचा. चाळ कमिटीचे सेक्रेटरी तात्या परब यांनी त्यावर एक रामबाण उपाय काढला होता, देवांच्या टाइल्स.

"देवाला काय वॉचमन म्हणून उभं करणार, तात्या?" रुपालीने मीटिंगमध्ये विचारलं होतं. "त्या वासात? भिंत मला द्या. मी चित्र काढते."

"चित्राला कोण घाबरतो गो?" तात्यांचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. सगळी मीटिंग हसली.

रुपालीला ते हसणं लागलं. तिची चित्रं कपांवर होती, उशांच्या अभ्र्यांवर होती, बिस्किटांच्या डब्यांवर होती. कुठल्या कुठल्या शहरांतली अनोळखी माणसं तिच्या चित्रातून चहा पीत होती. पण ज्या चाळीत ती लहानाची मोठी झाली, तिथे मात्र ती अजून 'चित्रंबित्रं काढणारी पोरगी' होती. घरच्या माणसांनी मान डोलावली नाही, तर बाहेरच्या टाळ्या घशाखाली उतरत नाहीत. तिला ही भिंत हवीच होती.

"दसऱ्यापर्यंत," शेवटी तात्या म्हणाले. "तोवर एक जरी लाल डाग दिसला, तर त्याच मुहूर्तावर टाइल्स. शब्द म्हणजे शब्द."

गणपती गेले आणि रुपालीने भिंत घासायला घेतली. देव काढला नाही, फुलं-पाखरं काढली नाहीत. तिने फक्त एक दार काढलं. चाळीतल्या कुठल्याही खोलीचं असावं तसं, दोन फळ्यांचं, कडी-कोयंड्याचं, कोपऱ्यात जरा रंग उडालेलं. बाजूला चपलांचे दोन जोड, एक मोठा, एक चिमुकला. भिंतीच्या पायाशी सिमेंटची बुटकी पायरी पुढे आलेली होती. तिला लाकडाचा रंग देऊन तिने उंबरठा केला.

मग गंमत सुरू झाली. गाल फुगवून आलेली माणसं दारासमोर यायची, घुटमळायची आणि गिळायची तरी, नाहीतर पार गटारापर्यंत चालत जायची. एका कुरिअरवाल्याने पत्ता विचारायला कडीकडे हात नेला आणि भिंत लागल्यावर स्वतःशीच हसला. तात्या रोज सकाळी येऊन वाकून बघायचे. काही सापडलं नाही की हिरमुसून दूध आणायला जायचे.

आणि आज हा डाग.

"दिसला ना?" जिन्यावरून तात्या उतरले. मागे आधीच सांगून ठेवलेला टाइल्सवाला हितेंद्र होता, खांद्याला पिशवी, हातात टेप. "मी म्हटलेलं. आपली माणसं ती आपलीच. हितेंद्र, माप घे."

रुपालीचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला. जो कुणी थुंकला असेल, त्याला त्याच्याच बोटांनी पुसायला लावावं, असं मनात म्हणत ती पुढे झाली. वाकली. डागाच्या शेजारी पिवळं काहीतरी होतं.

हळद.

"पुसू नको गो बाय!" वरून हाक आली. तात्यांच्या पत्नी, दुर्गाकाकी, एका हातात हळद-कुंकवाचा करंडा आणि दुसऱ्या हातात झेंडूचं तोरण घेऊन लगबगीने उतरत होत्या. "आत्ताच पूजलाय तो. आमचा उंबरठा झाला, म्हटलं खाली हा एकच राहिला. सणाच्या दिवशी दार सुनं ठेवायचं काय? तोरण आणायला वर गेले, तेवढ्यात तुमचं सुरू."

रुपाली खाली बसलीच. कुंकू ओलं होतं, बोटांनी नीट रेखलेलं. वर एक फूल.

तात्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. पण सेक्रेटरी माणूस, हार मानली तर कमिटी कशी चालायची?

"कुंकू तर कुंकू," ते म्हणाले. "लाल तो लालच. शब्द म्हणजे शब्द. घे रे माप."

दुर्गाकाकींनी कपाळाला हात लावला. हितेंद्रने मुकाट्याने टेप उघडला. दाराचा वरचा कोपरा उंच होता. हात पुरेना, म्हणून त्याने एक पाय उचलून सिमेंटच्या पायरीवर ठेवला.

"अरे ए!" तात्यांचा भोंगा असा वाजला की गॅलरीतली माणसं कठड्याशी धावली. "उंबरठ्यावर पाय देतोस? सणासुदीला?"

हितेंद्र गडबडला. टेप सळसळत आत गेला. "तात्या," तो चाचरत म्हणाला, "भिंतच आहे ना ती?"

"असेल भिंत!" तात्या ओरडले. "आधी पाय खाली घे!"